आण्णांना गाव दाखवलं तेव्हा

सीताफळाचा मला राग येतो. दसरा झाला की अंबाजोगाईच्या स्टँडबाहेर बायका टोपल्या मांडून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतात, "घ्या की ताई, डोळे उघडलेत बघा, उद्याला खाण्याजोगं हाय." मी मान फिरवून पलीकडच्या बाजूनं जाते. तरी लॅबमध्ये कुणीतरी पिशवी आणतंच. मग दिवसभर टेबलावर काळ्या बिया, चिकट हात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, काय गोड हाय, काय गोड हाय! परवा मी पोरींवर एवढी ओरडले की त्यांनी साला-बियांसकट सगळं गुंडाळून बाहेर नेलं. मॅडमना गोड चालत नसेल, असं आपसात म्हणाल्या. चालतं की! गरम जिलबी समोर ठेवा, पाव किलो मी एकटी संपवते.

या दिवसांचं लोक किती कौतुक करतात. पाऊस सरलेला, डोंगर हिरवे, हवा कोवळी. मला विचाराल तर आश्विनातलं ऊन लबाड असतं. सकाळी गोडगोड बोलतं आणि बारा वाजता टाळकं भाजून काढतं. बालाघाटाच्या उतारावर तरवडाची पिवळी फुलं दिसली की मला अजून तो एक रविवार आठवतो. चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस विसरतं म्हणतात. मी विसरलेले नाही, आणि विसरायची मला इच्छाही नाही.

मी रक्त काढते. म्हणजे लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, पण आमच्या गावात, तिकडं कडा गावाच्या बाजूला, अजून तसंच सांगतात: आण्णाची थोरली अंबाजोगाईला रक्त काढती. आण्णा म्हणजे माझे वडील. पंधरा एकर जमीन, कारखान्याचे सभासद, पारावर गेले की चार माणसं सरकून जागा देणार. बोलणं मात्र मोजकं. त्यांच्या एका 'हूं'चे घरात आम्ही दहा अर्थ लावायचो.

अंबाजोगाईला मी आले ती सव्विसाव्या वर्षी, पाच वेळा पोहे करून झाल्यावर. पाच ठिकाणची माणसं येऊन, खाऊन, मला बघून गेली. पाचव्या वेळच्या म्हाताऱ्यानं मला दारापर्यंत चालत जायला लावलं, परत यायला लावलं, कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं आणि निघताना म्हणाला, "कळवतो." ते कळवणं अजून यायचं आहे. त्या संध्याकाळी बशा विसळताना मी आण्णांना सांगितलं, "आता मी कुणाफुडं बसणार न्हाई. ह्यो बैलबाजार पुरे झाला." आण्णा म्हणाले, "हूं."

महिनाभरात इथली नोकरी लागली. ट्रंक घेऊन मी एकटीच एसटीत बसले. आईनं दारातून हात केला, आण्णा मुद्दाम रानात गेले होते. म्हणून सात-आठ महिन्यांनी, असेच सीताफळाचे दिवस असताना, त्यांचा फोन आला तेव्हा मला खरंच वाटेना.

"रविवारी येतो म्हणतो," आण्णा म्हणाले. "तुझं गाव दाखव."

तुझं गाव! त्या दोन शब्दांवर मी आठ दिवस जमिनीवर नव्हते. खोटं कशाला बोलू, घरमालकिणीला मी ते तीनदा ऐकवलं. मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आण्णांनी हे गाव बघावं, शेवटी माझी खोली बघावी, आणि जाताना एवढंच म्हणावं, बरं केलंस. एकटी आले, नोकरी धरली, कुणाच्या दारात उभी राहिले नाही; बरं केलंस. त्यांच्या तोंडून तेवढं निघालं असतं तर मला आयुष्यभर पुरलं असतं.

त्याआधी मीच कुठं गाव पाहिलं होतं! खोली ते लॅब आणि लॅब ते खोली. त्या शनिवारी अर्धी सुट्टी टाकून मी सगळी वाट आधी एकटीनं चालून आले. देवळाबाहेरच्या फुलवालीकडून देवीची गोष्ट दोनदा ऐकून घेतली. हत्तीखान्याच्या लेण्यात कुठं उभं राहिलं की हत्ती नीट दिसतो, गावाबाहेरच्या दरीत कुठपर्यंत आण्णांना चालवेल, सगळं ठरवलं. घरमालकिणीकडून खाट मागून आणली, कारण आण्णा मुक्काम करणार होते. सकाळी उठून येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी करून ठेवली. आईच्या हातची त्यांना आवडते, माझ्या हातची त्यांनी कधी खाल्ली नव्हती.

आणि नऊ वाजता दारात जीप उभी राहिली. पुढून आण्णा उतरले, आणि मागून एक जाडजूड बाई. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा, काळा चष्मा, बोटात दोन अंगठ्या. आण्णा आदल्या दिवशी धारूरला माझ्या आत्याकडं उतरले होते. "आत्याच्या शेजारचे हायेत," ते म्हणाले. "त्यांना बी देवीला यायचं व्हतं. म्हटलं, चला संगंच." बाईंना मी काकी म्हटलं. काकींनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "लई ऐकलंय तुझ्याबद्दल." मला वाटलं, आण्णांनी सांगितलं असेल. काय आनंद झाला मला! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

खोली शेवटी बघू म्हणून मी त्यांना वर नेलंच नाही. जीपमध्ये बसले आणि जे तोंड सुटलं माझं! हा दवाखाना, इथं मराठवाड्यातून माणसं येतात. हे कॉलेज. ही आमची लॅब, आज बंद आहे, पण पाटी बघा. इथला चहा चांगला. त्या दुकानदाराचं रक्त मी काढते, सुई बघून रडतो. आण्णा मान डोलावत होते. घरात ज्यांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं ते आज तासभर गप ऐकत होते, आणि त्यानं मला आणखी चेव येत होता. काकी मधूनच म्हणायच्या, "आमच्या चुलत सासऱ्याचं पंचायत समितीत लई चालतं बरं का." त्याचं मी काय करू! मुलानं दिवसभरात मला एकच गोष्ट विचारली, इथं रेंज येते का.

देवळात दर्शन झाल्यावर काकी पाटीसमोर थांबल्या. "चष्मा घरी राहिला बघ माझा. वाच गं जरा, काय लिव्हलंय." मी आरतीच्या वेळा घडाघडा वाचून दाखवल्या. "खालचं बारीक पण वाच." तेही वाचलं. मग म्हणाल्या, "तू हो फुडं, वाट तुला म्हाईत हाय. आमी मागून येतो." मी पुढं झाले. ठसक्यात चालले. माझ्या गावातून मी माझ्या बापाला घेऊन चालले होते. माझ्यासारखी बावळट त्या दिवशी अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल.

हत्तीखान्यात उतरलं की अंगाला एकदम गार लागतं आणि वटवाघळांचा वास येतो. खांबांच्या रांगा, मध्ये नंदी, अंगणात दगडाचे हत्ती. तिथं उभं राहून मी फुलवालीची गोष्ट सांगितली. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलेलं. वऱ्हाड निघालं, वाटेत उशीर झाला, उजाडलं, मुहूर्त टळला. वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, हे हत्ती त्यातलेच. देवी पुढंही गेली नाही आणि मागंही फिरली नाही, इथंच राहिली. मी ही गोष्ट फार छान सांगितली होती. हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून. आण्णा समोरच उभे होते, मान हलवत.

"म्हंजे लगीन राहिलंच म्हण की बिचारीचं," काकी म्हणाल्या.

"बिचारी कशानं? गाव तिच्या नावानं हाय, काकी. नवऱ्याच्या नावानं न्हाई."

आण्णांना ठसका लागला. मला वाटलं, वटवाघळांच्या वासानं.

दुपारी दरीत उतरलो. गावापासून चार किलोमीटर, पण वेगळाच मुलूख वाटतो. सागाची मोठाली पानं, त्यांच्यावर किड्यांनी पाडलेली जाळी, खाली ओढ्याचं पाणी आणि कातळाच्या फटीफटीतून सीताफळाची झाडं. कुणी लावलेली नाहीत, आपली आपण आलेली. वानरांची टोळी वरच्या कड्यावर बसून आमच्याकडं बघत होती. कुठंतरी मोर ओरडत होता. आता तिथं कुणी कौतुकानं नेलं तरी मला ते जंगल परकं वाटतं, अंगावर येतं. पण त्या दिवशी मात्र मी प्रत्येक झाडाकडं बोट दाखवत होते, जणू मीच लावलेली.

काकींनी हाताला आलेलं एक पिकलं सीताफळ तोडलं आणि दगडावर बसून फोडलं. मला एक फाक दिली. गोड होतं, नाही म्हणत नाही. मग त्यांना आपल्या फाकीत काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं. त्यांनी कमरेची पिशवी उघडली, आतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि अळी बघायला लागल्या.

मी त्या चष्म्याकडं बघत राहिले. मला आधी काही कळलंच नाही. मग आरतीच्या वेळा आठवल्या, खालचं बारीक अक्षर आठवलं. तू हो फुडं, आमी मागून येतो. पाचव्या म्हाताऱ्यानंही हेच करून घेतलं होतं, फक्त त्यानं समोर बसून, सांगून केलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती त्या दिवशी मी भोगली.

"काकी, चष्मा घरी राहिला व्हता ना?"

काकी जराही ओशाळल्या नाहीत. फाक तोंडात टाकली, बिया थुंकल्या आणि आण्णांकडं वळून हसल्या. "आता कशाला लपवायचं आण्णासाहेब? पोरगी हुशार हाय. चालती नीट, वाचती नीट. तोंड जरा जास्त चालतंय, ते आमी घेऊ बघून. एवढं रक्ताचं काम तेवढं सोडावं लागंल. आमच्यातल्या बायका लोकांच्या दंडाला सुया टोचत हिंडत न्हाईत."

मी आण्णांकडं पाहिलं. ते टोपी काढून झटकत होते. टोपीवर काहीही नव्हतं.

"आण्णा, तुमी माझं गाव बघाया आलता, का मला दाखवाया?"

"उषे, आवाज कमी."

"न सांगता का म्हणून आणलंत ह्यांना?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

"न्हाई!"

"मग?"

त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. पोरगी बसत नाही ना, मग उभ्या उभ्या, चालता चालता दाखवायची. आमच्याकडं असं बघतात. देवळात, जत्रेत, दुसऱ्याच्या लग्नात. पसंत पडली तर पुढं बोलायचं, नाही पडली तर काही घडलंच नाही. फक्त जिला बघतात तिला ठाऊक नसतं. मी त्या मुलाकडं वळले आणि ओरडले, "आणि तुमी? तुमाला म्हाईत व्हतं का न्हाई?" तो फोनमधून वर न बघता म्हणाला, "मी गाडी चालवायला आलोय." त्याला मारायला माझ्या हातात दगडसुद्धा होता. सोडून दिला, कारण माणसाला काही वाटत असेल तर त्याला मारण्यात अर्थ.

तेवढं होऊनही मी आण्णांना म्हणाले, "खोली बघायची राहिलीय. चला, आपण दोघं चालत जाऊ. लांब न्हाई."

हे मी म्हणाले होते. एवढं विसरू नका. मी त्यांना अजून एकदा बोलावलं होतं.

आण्णा उभे राहिले. माझ्याकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं. "अहो बसा की, ऊन केवढं हाय," काकी म्हणाल्या. आणि आण्णा म्हणाले, "बस गाडीत, उषे. लोकांफुडं तमाशा नको." लोक कोण तर ती दोघं मायलेकरं आणि कड्यावरची वानरं. मी बसले नाही. ते बसले.

घाट चढून मी रस्त्याला लागले तेव्हा मागून जीप आली. माझ्याजवळ जरा हळू झाली. आण्णा माझ्याच बाजूला होते, हात लांबवला असता तर बाही हाताला लागली असती. ते समोर बघत होते. जीप पुढं गेली, धुरळा माझ्या तोंडावर बसला, आणि ते तसेच धारूरला आत्याकडं निघून गेले. खोलीवर येऊन मी आधी रडले, मग भांडी घासली. खाट दुसऱ्या दिवशी परत केली. आमटी तीन दिवस खाल्ली. राग कितीही असला तरी अन्न टाकायची आमची सवय नाही.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन. पसंत आहे म्हणे! ज्यांच्यासमोर पाच वेळा मान खाली घालून, पदर सावरून, गप बसले त्यांना नको झाले होते. आणि इथं हातवारे करत, तोंड वाजवत, सगळ्यांवर ओरडून आले तर पसंत. आणि ते ऐकून क्षणभर, एक क्षणभर, मला बरं वाटलं. आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. त्या क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग आहे, काकींपेक्षाही जास्त. मी नाही म्हणून कळवलं. आण्णा माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

पुढं मी लग्न केलं नाही. त्यामागं मोठं काही तत्त्व नाही, राहून गेलं. दोन खोल्यांचं घर झालं, लॅबमध्ये हाताखाली चार पोरी झाल्या. फ्रिजमधल्या नमुन्यांवरची नावं वाचत सकाळ जाते, आणि लोकांना धाक वाटावा असा आवाज मला आलाय. आत्यानं पुढं कधीतरी सांगितलं, की मला न सांगायचं आण्णांनीच ठरवलं होतं. का, तर काकींच्या घरून नकार आला असता तर मला कळलंच नसतं. सहाव्यांदा 'कळवतो' ऐकावं लागलं नसतं. म्हणजे माझ्या भल्यासाठी! हे ऐकून मी निवळेन असं आत्याला वाटलं. मी उलट जास्तच भडकले. वाईट मनानं केलं असतं तर एकदाचं भांडून मोकळी झाले असते. हे असं भल्यासाठी केलेलं धड गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

आता आण्णा पंच्याहत्तरीला टेकलेत. गुडघे गेलेत, म्हणून वर्षातून दोन-तीनदा दवाखान्यासाठी इथं येतात. स्टँडवरून रिक्षानं माझ्याकडं, माझ्याकडून दवाखान्यात, तिथून परत स्टँडवर. येतो म्हणाले की मी पहिलं विचारते, "संगं कोण हाय?" इतकी वर्षं विचारतेय. "कुणी न्हाई गं, एकलाच हाय," असं ते दरवेळी तितक्याच शांतपणे सांगतात. मी त्यांना गरम पाण्याची पिशवी देते, गोळ्या देते, भाकरी कुस्करून देते. गाव मात्र मी त्यांना पुन्हा दाखवलेलं नाही. जेवताना आम्ही पाऊसपाणी आणि भावाच्या मुलांची शाळा यांवर बोलतो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दुपारची वेळ, मी लॅबमध्येच होते. गुडघ्याचं बोलून झालं, तरी ठेवेनात.

"तुझी आई इच्यारत व्हती," ते म्हणाले. "उषाचं गाव कसं हाय म्हणून. मला काय सांगता येईना."

"म्हणजे? दाखवलं व्हतं की तुमाला. दिवसभर हिंडलो."

"हिंडलो. पण मी काय बघितलं न्हाई, उषे." मग ते म्हणाले, "तू लेण्यात उभी राहून काय सांगत व्हतीस, त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई. मी त्या बाईच्या तोंडाकडं बघत व्हतो सारखा. तू पसंत पडतीस का न्हाई, म्हणून."

माझ्या हातात कुणाच्यातरी रक्ताची बाटली होती. ती मी खाली ठेवली. त्या दिवशी ते मान हलवत होते. मला वाटलं होतं, ऐकतायत.

"म्हटलं, एकदा येऊन नीट बघावं," आण्णा म्हणाले. "तू सांग, मी ऐकतो. तिथं उतरायला पायऱ्या लई हायेत का गं?"

मला 'या, आण्णा' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"हायेत, आण्णा. लई हायेत. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "मग राहू दे." आणि त्यांनी फोन ठेवला.

पायऱ्या फार नाहीत. हात धरला तर म्हातारं माणूस सहज उतरेल, एवढ्याच आहेत.